एकाच पंजाला वारंवार होणारी जखम: काळ्या मातीत राहणाऱ्या बॉर्डर कोलीसाठी कारणांचा शोध आणि उपाय

लांब केसांचा, मेंढपाळी जातीचा कुत्रा शेतावर सांभाळणाऱ्यांना पुढील तक्रार ओळखीची वाटेल. एका सकाळी कुत्रा पुढचा पाय टेकवत नाही, सारखा तोच पंजा चाटत बसतो, बोटांच्या बेचक्यात लालसर फुगवटा दिसतो, दोन दिवसांत तो फुटून रक्तमिश्रित पू येतो, मलम आणि गोळ्या सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत जखम भरते, आणि महिना-दीड महिन्याने त्याच पंजाला, कधी कधी अगदी त्याच बेचक्यात, सगळे पहिल्यापासून सुरू होते. आमच्या हरणीच्या उजव्या पुढच्या पंजाला पहिल्या वर्षात असे पाच वेळा झाले. पाचही वेळा जखम सारखीच दिसत होती, म्हणून आम्ही पाचही वेळा तिला एकच जखम समजलो. प्रत्यक्षात तिची कारणे वेगवेगळी होती, आणि हे लक्षात येईपर्यंत त्या बिचाऱ्या जनावराला विनाकारण बरेच सोसावे लागले. तसे दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला सोसावे लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हरणी ही काळ्या-पांढऱ्या रंगाची बॉर्डर कोली मादी. पुण्यात माझ्या पुतण्याने तिला फ्लॅटमध्ये वाढवले. चौदा महिन्यांची होईपर्यंत तिने सोफ्याच्या कडा कुरतडून संपवल्या होत्या आणि जिन्यातून जाणाऱ्या मुलांच्या टाचांना तोंड लावून त्यांना एका कोपऱ्यात गोळा करण्याचा सपाटा लावला होता. शेवटी "काका, तुमच्याकडे रान आहे, शेळ्या आहेत, तिथं ती सुखात राहील," असे म्हणून तो तिला आमच्याकडे सोडून गेला. आमचे शेत परभणी जिल्ह्यात, पाथरी-मानवतच्या पट्ट्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. जमीन भारी काळी, पिके सोयाबीन, तूर आणि कापसाची, आणि आखाड्यावर बारा उस्मानाबादी शेळ्या व दोन म्हशी. पुतण्याचे म्हणणे अर्धे खरे ठरले, कारण मोकळी जागा मिळाल्यावर तिचा स्वभाव निवळला, पण तिचा पंजा बिघडला तो इथेच.

या जातीविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्याशी जोडलेले आहे. बॉर्डर कोली ही इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ कुरणांत घडलेली जात आहे. आजच्या वंशावळींत ज्याचे नाव मुळाशी सापडते तो हेम्प नावाचा कुत्रा १८९३ मध्ये तिकडच्याच नॉर्थम्बरलंड भागात जन्मला, आणि त्याच्या आधीही व नंतरही या कुत्र्यांची निवड रूपावरून नव्हे, तर मेंढ्यांवरच्या कामावरून झाली. पाय दुखला म्हणून काम सोडणारा कुत्रा त्या निवडीत मागे पडत गेला असणार. त्यामुळे गावठी कुत्रा काटा लागताच तीन पायांवर येऊन आपल्यासमोर उभा राहतो, तशी ही जात थांबत नाही. शेळ्या समोर असेपर्यंत हरणी दुखरा पंजा टेकवून धावते आणि लंगडते ती संध्याकाळी, अंग थंड झाल्यावर. म्हणजे लंगडणे दिसेल तेव्हा मूळ इजा त्या दिवसाचीच असेल असे नाही. ती दोन-चार दिवसांपूर्वीचीही असू शकते. "काल तर चांगली पळत होती" हे वाक्य पहिल्या वर्षी आम्ही दर वेळी बोललो आणि दर वेळी त्याने आमची दिशाभूल झाली.

खरे कारण पहिल्यांदा दाखवले ते आमच्याकडे वीस वर्षे असलेल्या मामांनी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खूर धुताना त्यांनी सहज हरणीचाही पंजा हातात घेतला, बोटे फाकवली आणि म्हणाले, "दादा, इला काई चावलं नाई. बोटाच्या मधी ढेकूळ बसलंय, वाळून दगड झालाय." कोमट पाण्यात दहा मिनिटे पंजा धरून ठेवल्यावर केसांत विणल्यासारखा अडकलेला, हरभऱ्याएवढा काळ्या मातीचा खडा सुटून आला. त्याच्या खालची कातडी सोललेली होती. त्याआधी दोन वेळा मी स्वतः त्याच जागेवर वरून मलम चोपडले होते.

आपल्या भारी काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते; उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. लांब केसांच्या पंजात हेच लहान प्रमाणावर घडते. ओली माती बोटांमधल्या केसांना लिंपली जाते, आखाड्यावर येऊन कुत्रा बसला की ती वाळते, वाळताना आकसून केसांना कातडीकडे ओढून धरते, आणि मग प्रत्येक पावलागणिक तो खडा बेचक्याच्या मऊ कातडीवर घासत राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल, पुन्हा थर. आखूड केसांच्या कारवानी कुत्र्याच्या पायाची माती चालता चालता झडून जाते, म्हणून आपल्या भागात ही अडचण कुणाला फारशी ठाऊक नाही. पावसाळ्यात होणाऱ्या अशा जखमेची खूण म्हणजे फुगवटा वरच्या बाजूला नसून तळव्याच्या बाजूला, गाद्यांच्या मध्ये असतो, आणि बहुधा एकाहून अधिक बेचक्यांत कमी-जास्त लाली दिसते.

यावर उपाय औषधाचा नाही, कात्रीचा आणि कापडाचा आहे. तळव्याच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस बोथट टोकांच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीपर्यंत आणायचे. त्याहून खोल कात्री घालायची नाही, कारण बेचक्याची कातडी पातळ असते आणि कुत्र्याने पाय झटकला तर तिथेच चीर पडते. मृगापासून दसऱ्यापर्यंत दर बारा-पंधरा दिवसांनी हे करावे लागते. रोज संध्याकाळी पंजे साध्या पाण्याच्या उथळ घमेल्यात बुडवायचे, बोटांनी बेचक्यांतली माती मोकळी करायची आणि, हे सर्वात महत्त्वाचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने प्रत्येक बेचके कोरडे करायचे. सुरुवातीला मी धुण्यावर भर दिला आणि कोरडे करण्याकडे दुर्लक्ष केले, तेव्हा मातीऐवजी ओलाव्याने कातडी पांढुरकी होऊन सोलली आणि वास येऊ लागला. धुऊन ओले ठेवण्यापेक्षा एखाद्या दिवशी न धुता कोरडी माती हाताने झाडलेली बरी, असे माझे आता मत झाले आहे. वाळलेला खडा ओढून काढू नये. केसांबरोबर कातडीही येते. तो भिजवून सोडवावा, किंवा खड्याच्या दोन्ही बाजूंचे केस कापून तो मोकळा करावा.

ही सवय लागल्यावर पावसाळी जखमा थांबल्या आणि मला वाटले की प्रश्न मिटला. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी हरणी पुन्हा लंगडली.

तेव्हापासून मी वही ठेवली. तारीख, कोणता पंजा, कोणते बेचके, फुगवटा वरून की तळव्याकडून, मागच्या आठवड्यात ती कुठल्या रानात फिरली, आणि त्या दिवसांत तिला काम होते की ती बांधलेली होती, एवढेच त्यात लिहायचे. पुढच्या सगळ्या निष्कर्षांचा आधार ही वही आहे. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी औषध बदलण्याआधी अशी वही सुरू करावी, असा माझा आग्रह आहे.

दिवाळीनंतरची जखम वेगळी होती. फुगवटा बोटांच्या वरच्या बाजूला, एकाच बेचक्यात, आणि मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र, ज्यातून दाबल्यावर पातळ पू येई. आधीच्या आठवड्यात आम्ही कालव्याच्या मुरमाड भरावावरून शेळ्या नेल्या होत्या, आणि तिथे कुसळी गवत पिकून उभे होते. कुसळीच्या दाण्याला बोटभर लांब पीळदार कुसळ असते, खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि त्या टोकावरचे ताठ केस मागे वळलेले असतात. हवेतल्या ओलाव्याबरोबर कुसळ पिळते आणि उलगडते, आणि दाणा स्वतःला जमिनीत रुजवत नेतो. जमिनीऐवजी कुत्र्याचे केस मिळाले तर तो तितक्याच सहज कातडीत शिरतो, आणि मागे वळलेल्या केसांमुळे त्याला पुढे जाता येते, मागे येता येत नाही. वरचे कुसळ तुटून पडते, त्यामुळे बाहेर काहीच दिसत नाही. दिवाळीनंतर आमच्या शिवारात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुसळी पिकली की ते मेंढरांना तो माळ चुकवून नेतात. मी त्यांना वर्षानुवर्षे वळसा घालून जाताना पाहिले होते आणि त्याचे कारण कधी विचारले नव्हते.

कुसळ आत असेल तर प्रतिजैविकाची गोळी कितीही चांगली असली तरी ती फक्त पू कमी करते. सूज उतरते, छिद्र मिटते, आपण समाधानी होतो, आणि आतली काडी तशीच राहून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा गळू उठवते. वैद्यकात ज्याला नाडीव्रण म्हणतात, तसा नळीसारखा मार्ग आत तयार झालेला असतो. गवताची काडी एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत काही वेळा दिसते. हरणीच्या बाबतीत पशुवैद्यकांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन तो मार्ग उघडला, तेव्हा छिद्रापासून जवळपास दीड इंच वर, मनगटाच्या दिशेने सरकलेला काळपट दाणा मिळाला. दोन महिन्यांत दोनदा परत आलेली ती जखम त्यानंतर बारा दिवसांत भरली आणि त्या बेचक्यात पुन्हा उघडली नाही.

म्हणून एक ढोबळ खूण सांगतो, जी मला फार उपयोगी पडली. जखम एकाच पंजाच्या एकाच बेचक्यात परत परत येत असेल, तर आत काहीतरी रुतलेले आहे असे धरून चालावे आणि ते शोधण्याचा आग्रह पशुवैद्यकांकडे धरावा. तीन-चार पंजे एकदम लाल होत असतील, तर कारण बाहेरून आलेल्या काट्यात नसून ओलावा, बुरशी, ॲलर्जी किंवा कातडीतल्या सूक्ष्म किडीत असण्याचा संभव अधिक, आणि तिथे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय औषध सुरू करू नये.

कुसळीबरोबर आघाडा आणि सराटा यांचाही उल्लेख केला पाहिजे, परंतु त्यांचा त्रास कमी गंभीर आहे. सराट्याचा काटा कठीण असल्याने लगेच बोचतो आणि हरणीसारखी हट्टी कुत्रीही त्याच्यासाठी थांबते. आघाड्याचे दाणे केसांत अडकून जटा होतात, विशेषतः कानामागे, काखेत आणि मागच्या पायांच्या झालरीत. ते रुंद दातांच्या कंगव्याने निघतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही संध्याकाळच्या धुण्याऐवजी संध्याकाळची तपासणी करतो: दिव्याखाली प्रत्येक बेचके फाकवून, केसांच्या उलट दिशेने बोट फिरवून, आणि कानांच्या आतही पाहून. कुसळ कानात गेले तर कुत्रा डोके एका बाजूला झुकवून सतत झटकतो. तेव्हा कानात तेल न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सोयाबीन आणि तूर कापल्यानंतरची धसकटे हे तिसरे कारण. तुरीच्या तिरप्या कापलेल्या खुंटाने ट्रॅक्टरचे टायर फाटते, तिथे पंजाची काय कथा. ही जखम ताजी, सरळ आणि रक्त येणारी असते, तिच्यात गूढ काही नाही. धुऊन, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके विरळ करून लावावे, आणि रान नांगरून होईपर्यंत कुत्र्याला त्या रानात धावू देऊ नये.

उन्हाळ्याचे कारण मला वहीशिवाय कधीच सापडले नसते. चैत्र-वैशाखात माती नाही, कुसळ नाही, तरीही पंजे चाटणे सुरू झाले, आणि या वेळी बेचक्यांपेक्षा गाद्यांच्या कडा गुळगुळीत व लालसर दिसत होत्या. नोंदी पाहिल्यावर कळले की मुलगा तिला दुपारी चारच्या सुमारास, ऊन उतरल्यासारखे वाटते तेव्हा, फाट्यापर्यंतच्या डांबरी रस्त्याने नेत होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि हवा ४० अंशांवर असताना उन्हातल्या डांबराचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. चारला हवा जरा सुसह्य झाली तरी रस्ता तापलेलाच असतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो रस्ता पंजासाठी नाही, एवढी साधी परीक्षा पुरेशी आहे. उन्हाळ्यात हरणीचे सगळे काम आता सूर्योदयाआधी आणि रात्री होते, आणि मधल्या वेळात ती गोठ्यात रांजणाखालच्या ओल्या जागेत झोपते.

याच दिवसांत प्रत्येक पाहुणा सल्ला देतो की एवढे केस आहेत, तर तिला भादरून टाका. कृपया तसे करू नका. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब, जरा राठ थर उन्हाची तिरीप अडवतो आणि आतला लोकरीसारखा थर ऋतू बदलताना गळतो. पूर्ण भादरल्यास ऊन थेट कातडीवर येते, आणि केस पुन्हा वाढताना मऊ, गुंतणारे आणि माती-कुसळ जास्त धरणारे येऊ शकतात. आतला गळलेला थर फणीने रोज काढून टाकणे हा खरा उपाय. शिमग्यापासून महिनाभर तो इतका निघतो की रोज एक सुपली भरते. कात्री लावायची ती पंजांखाली, शेपटीखाली आणि गुंता सुटेनासा झाला असेल तिथे.

धापा फार वाढल्या, लाळ घट्ट झाली, चाल डगमगली, तर पंजाचा विचार बाजूला ठेवून तो उष्माघात समजावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या आसपास असते आणि ते ४१ च्या वर गेले तर जीव धोक्यात येतो. सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्यात न्यावे.

आता गोचिडींविषयी, कारण इथे चूक झाली तर प्रश्न पंजापुरता राहत नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या घडीत बसणे पसंत करते, आणि लांब केसांत ती फुगून वाटाण्याएवढी होईपर्यंत दिसत नाही. तिने सोडलेली खूण चाटून चाटून जखम होते. शिवाय तीच गोचीड कुत्र्यांमध्ये एर्लिकिया आणि बबेसियाचा ताप पसरवते. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर औषध लावून भागत नाही. गोठ्याच्या भेगा लिंपणे, गोणपाट उन्हात टाकणे आणि झोपायची जागा झाडून काढणे हे अर्धे काम आहे.

आपल्याकडे जनावरांच्या गोचिडींसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास मिळते, आणि "कुत्रीलाही एक मिली टोचा, सगळ्या झडतात" असे सांगणारे भेटतात. मलाही सांगितले गेले. मी टोचले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. कोली कुळातल्या कुत्र्यांमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात एक बिघाड आढळतो, जो २००१ मध्ये ओळखला गेला. हा बिघाड असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत हे औषध अडवले जात नाही. लाळ गळणे, तोल जाणे, बुबुळे मोठी होणे, दिसेनासे होणे आणि शेवटी बेशुद्धी इथपर्यंत परिणाम जातो. लांब नाकाच्या मूळ कोली जातीत दहापैकी सुमारे सात कुत्र्यांत हा बिघाड असतो. बॉर्डर कोलीत तो शंभरात पाचांहून कमी आहे, पण आपल्याकडे ज्या कुत्र्यांना बॉर्डर कोली म्हणून विकले जाते त्यांच्या मागच्या पिढ्यांत काय मिसळले आहे, हे कागदावरून नेहमी कळत नाही. मात्रेचा हिशेबही पाहा. जनावरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते. हरणीचे वजन १८ किलो, म्हणजे ती मात्रा किलोमागे साधारण ५५५ मायक्रोग्रॅम झाली. हृदयातल्या जंतांच्या प्रतिबंधासाठी कुत्र्यांना दिली जाणारी मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असते. बिघाड असलेल्या कुत्र्याला किलोमागे १०० मायक्रोग्रॅमपासूनच धोका सुरू होतो. गोचिडींवर कुत्र्यांसाठी स्वतंत्र गोळ्या आणि मानेवर टाकायची औषधे मिळतात. ती वजन सांगून आणि कुत्र्याला कधी झटके आले आहेत का, हेही सांगून पशुवैद्यकांकडूनच घ्यावीत.

त्याच ओघात काही गोष्टी ठामपणे टाळण्याजोग्या आहेत. गोचिडीवर रॉकेल किंवा फिनेल, जखमेवर टर्पेंटाइन, दुखते म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी, यांपैकी काहीही कुत्र्याला नको. या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हळद-तेलाचा लेप देण्यामागचा हेतू चांगला असतो, पण लांब केसांत तो गोळा होऊन बसतो, त्याखाली ओल धरते, आणि कुत्रा तो चाटण्यासाठी आणखी वेळ पंजाशी बसतो. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसून आळ्या पडल्या, तर घरी एकेक वेचत बसू नये. केसांच्या आड किती खोलवर गेल्या आहेत, हे केस काढल्याशिवाय दिसत नाही.

वहीने दाखवलेले शेवटचे कारण मला सर्वात जास्त लागले. पहिल्या वर्षातल्या पाच जखमांपैकी एक आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभीची एक अशा दोन जखमा झडीच्या दिवसांत झाल्या होत्या. चार-पाच दिवस पाऊस थांबत नव्हता, शेळ्या गोठ्यातच होत्या, आणि चिखल नको म्हणून हरणी साखळीला होती. तिच्या पंजाला ना माती लागली होती, ना काटा. तिने निव्वळ काम नसल्यामुळे निरोगी पंजा चाटून चाटून त्याची साल काढली होती, आणि एकदा साल निघाल्यावर जळजळ व चाटणे एकमेकांना वाढवत गेले. चिखलापासून वाचवण्याची माझी काळजीच तिथे इजेचे कारण झाली.

या जातीला पळवून दमवता येते, हा समज सोडून द्यावा. मोटारसायकलमागे चार किलोमीटर पळवलेली बॉर्डर कोली अर्ध्या तासाने पुन्हा उभी राहते, आणि पंजे मात्र खरडून निघतात. तिला थकवते ते डोके वापरून केलेले काम. आम्ही पावसाच्या दिवसांत गोठ्यातच पाच-सात गोणपाटे पसरून एकाखाली भाकरीचा तुकडा लपवतो आणि ती हुकूम मिळेपर्यंत जागा सोडत नाही; मग "शोध" म्हटल्यावर शोधते. घरातल्या प्रत्येक वस्तूचे नाव शिकवून ती आणायला लावतो: खुरपे, दोरी, टोपली. अमेरिकेतल्या चेझर नावाच्या बॉर्डर कोलीला हजाराहून अधिक खेळण्यांची नावे वेगवेगळी ओळखता येत होती, तेव्हा आपल्या आखाड्यावरच्या पंधरा-वीस वस्तू काही जड नाहीत. सकाळ-संध्याकाळ शेळ्या गोठ्यात घेण्याचे काम तिच्याकडेच आहे, मात्र लांब दोरीवर "थांब" आणि "मागे" पक्के झाल्यानंतरच ते दिले, आणि गाभण शेळ्या वेगळ्या काढून. शेळीला धावपळ आणि भीती बसली तर ती गाभडते, आणि कुत्र्याचे काम म्हणून शेळीचे नुकसान करणे योग्य नाही.

झडीत चाटणे सुरू झालेच, तर गळ्यात शंकूच्या आकाराची प्लास्टिकची कॉलर आठवडाभर घालावी. पायात मोजा घालायचा असेल तर सुती, आणि कुणी समोर बसलेले असताना थोडाच वेळ. ओला मोजा रात्रभर राहिला तर आधीपेक्षा वाईट होते.

दवाखान्यात कधी न्यायचे, याविषयी आमचा नियम असा आहे. पाय अजिबात टेकत नसेल, सूज मनगटाकडे चढत असेल, ताप असेल, छिद्रातून पू येत असेल किंवा तीच जागा दुसऱ्यांदा उघडली असेल, तर घरचे उपाय बंद. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि वारंवार येणाऱ्या जखमेसाठी तिथवरचा प्रवास करावा असे मी सांगेन. जाताना वही बरोबर न्यावी. पूर्वी मी "परत झाले" एवढेच सांगू शकत होतो. आता कोणते बेचके, कोणत्या बाजूने, कोणत्या रानानंतर, हे सांगितल्यावर तपासणीचा रोखच बदलतो. प्रतिजैविक सुरू झाले तर ते सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत द्यावे. खोल गेलेल्या जखमेला काही वेळा तीन-चार आठवडे लागतात, आणि वरून कातडी जुळली म्हणून आम्ही पाचव्या दिवशी गोळ्या थांबवल्या होत्या, तेव्हा आतला पू तसाच राहिला. दोनदा औषध देऊनही फरक नसेल, तर पुवाची जंतुतपासणी करून कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची विनंती करावी.

गेल्या नऊ महिन्यांत हरणीला एकच जखम झाली, ती संक्रांतीनंतर. ती दहा दिवसांत भरली आणि अजून परत आलेली नाही. वहीत त्या तारखेपुढे लिहिले आहे: उजवा पुढचा, गादीच्या कडेला, तुरीचे रान, धसकट.